तार नसलेले खटके

रविवार, १२ जानेवारी. दुपारी अडीच. जागा: आमच्या दुकानामागची पत्र्याची शेड, देवळाली प्रवरा.

हजर: साळवे सर, मार्थाकाकू (सरांच्या पत्नी), मी.

मुद्दाम न बोलावलेले: अल्ताफ सायकलवाला.

काम: सरांच्या सायकलचे गेअर काढून ती एकाच गेअरची करणे.

माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. कुणाला काय दिलं आणि काय मागवायचं राहिलं हे लिहून ठेवायची मला सवय आहे, त्यामुळे त्या दुपारचंही टिपण निघालं. सरांनी शेडचं दार आतून लावून घेतलं आणि कडी बसली की नाही ते पुन्हा उठून पाहिलं, एवढं मात्र त्यात लिहिलेलं नाही. ते लिहायची गरज पडली नाही.

साळवे सर आमचे शेजारी, आणि त्याआधी माझे भूगोलाचे शिक्षक. गावात त्यांना त्या नावाने फारसं कुणी ओळखत नसे. 'गेअरवाले सर' म्हटलं की उसाच्या ट्रॅक्टरवरचा माणूसही घर दाखवायचा. पुण्याला बी.एड. करताना त्यांनी एका रेसरकडून जुनी सायकल घेतली होती. निळी, पातळ टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची. पुढे दोन चकत्या, मागे पाच, आणि पुढच्या तिरक्या दांडीवर दोन बाजूंना दोन खटके. खटका ओढला की तार ताणायची आणि चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर जायची. सर ही सायकल घेऊन गावात आले तेव्हा इथे बाकी सगळ्यांच्या सायकली काळ्या होत्या आणि त्यांच्या मागच्या कॅरिअरवर दुधाची किटली किंवा गवताचा भारा असायचा.

त्या सायकलने सरांना एक भाषा दिली होती. उत्तर चांगलं असलं तर वहीवर 'छान' नाही, 'टॉप' लिहायचे. कुणी भरभर वाचून गडबड केली की म्हणायचे, "पहिल्या गेअरमध्ये ये. चढ आहे." मागच्या बाकावर पेंगणाऱ्याला म्हणायचे, "हा बघा, न्यूट्रलमध्ये बसलाय." एकदा एका पोराने धीर करून सांगितलं, "सर, पण सायकलला न्यूट्रल नसतो." सर म्हणाले, "सायकलला नसतो. तुला आहे."

दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात त्यांचा एक कार्यक्रम असे. सायकल उभी करायची, शिपायाने मागचं चाक उचलून धरायचं, आणि शाळेत पहिला आलेल्याने हाताने पॅडल फिरवत सरांच्या सायकलचे गेअर टाकायचे. एकदाच, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत. टक, टक, टक, आणि चाक असं गरगरायचं की आऱ्या दिसेनाशा व्हायच्या. एरवी त्या खटक्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. सरपंचांच्या मुलाने एकदा लावला, तर सरांनी त्याच्यादेखत खटका रुमालाने पुसून काढला. मी दुसरी आले होते. तुषार कदम पहिला आला तो माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी. आता तो बँकेत अधिकारी आहे, तरी लग्नात, बारशात कुठेही भेटला की 'मी सरांचे गेअर टाकलेत' हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

रविवारी सकाळी सर चर्चला सायकलवर जायचे. मार्थाकाकू चालत. "बसा की मागं," असं कुणी म्हणालं की काकू म्हणायच्या, "मागं बसायला जागा हाय का त्येला? आन् असती तरी बसले नसते. माणूस चढ आला की माझ्याशी बोलायचं सोडून खटक्याशी बोलतो." प्रार्थनेच्या वेळीही सरांच्या उजव्या पायाला, विजार चेनमध्ये अडकू नये म्हणून लावलेली क्लिप तशीच असायची. पाळकांनी एकदा हळूच सुचवलं, तर सर म्हणाले, "परत जायचंच आहे ना."

निवृत्तीनंतर सरांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र अर्ध्यावर राहिला. डॉक्टरांनी सपाटीला, हळू, सायकल चालवायला परवानगी दिली. ब्रेक डाव्या हाताने लागत होता. प्रश्न खटक्यांचा होता. मागच्या गेअरचा खटका उजवीकडे. हँडल सोडून हात खाली न्यायचा तर उजव्याला खटका सापडायचा नाही, आणि डावा हात आडवा नेला की सायकल रस्ता सोडायची. पहिल्यांदा पडले ते कॅनॉलच्या रस्त्याला, उसाच्या चारीत. ओल्या विजारीने घरी आले आणि म्हणाले, कुत्रं आडवं आलं. दुसऱ्यांदाही कुत्रंच. तिसऱ्यांदा कपाळाला खोक पडली तेव्हा मार्थाकाकू माझ्या दुकानात येऊन बसल्या. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाल्या, "सुनंदा, ह्या गावात जेवढी कुत्री न्हाईत तेवढी ह्यान्ला आडवी येत्यात. कायतरी कर बाई. सायकल बंद कर म्हनले तर दोन दिस जेवले न्हाईत."

मी सरांकडे गेले आणि सांगितलं की एकच गेअर ठेवून चालवा. ते म्हणाले, "तेच करतोय. खटका सैल पडतो, चेन मध्येच उडी मारते, मग हात जातोच." सायकल जुनी, खटक्याची पकड गेलेली, ती घट्ट करायला बोटांत जोर नाही. मग मी म्हटलं, मग गेअरच काढून टाकू. मागे एकच चकती, पुढे एकच, चेन आखूड. शहरातली पोरं हौसेने जुन्या सायकलींचं असं करतात, मोबाईलवर व्हिडिओ आहेत.

सर उठून सायकलपाशी गेले. मग म्हणाले, "म्हणजे दूधवाल्याची सायकल."

चार दिवसांनी स्वतःच दुकानात आले. गिऱ्हाईक नाही असं बघून म्हणाले, "करू. पण अल्ताफकडे नाही."

अल्ताफचं दुकान बाजारपेठेत मोक्यावर आहे. त्याच्याकडे पंक्चर काढायला थांबलं की कोणाची सोयरीक मोडली, कोणाच्या बोअरला पाणी लागलं, सगळं कळतं. त्याच्या हातात सायकल गेली तर दिवस मावळायच्या आत गेअरवाल्या सरांचे गेअर गेले हे साखर कारखान्यापर्यंत पोचलं असतं. त्यामुळे ते काम आम्हीच करायचं ठरलं. नगरला माल आणायला गेले तेव्हा मी फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा गठ्ठा, सोडवायचा पान्हा, नवं एका चकतीचं फ्रीव्हील आणि चेन तोडायचं हत्यार घेऊन आले.

खोलण्याआधी सर म्हणाले, "सुनंदा, तू दुसरी आलीस ना? टाक गेअर." काकूंनी मागचं चाक उचललं. मी पॅडल फिरवलं आणि खटका ओढला. त्याचं टोक इतकं झिजलेलं होतं की अंगठा आपोआप बसला. पाचव्यावर गेल्यावर सर म्हणाले, "बास." काकू चाक धरूनच म्हणाल्या, "झालं का दर्शन? माझा हात दुखायलाय."

पुढचं काम नेटकं झालं. जुनं फ्रीव्हील गंजून बसलं होतं, ते निघता निघेना. पान्हा टेबलावरच्या वाइसच्या जबड्यात धरून मी आणि काकूंनी मिळून चाक फिरवलं तेव्हा सुटलं. नवं बसवल्यावर चेन तिरकी धावायला लागली, म्हणून एक्सलच्या एका बाजूचे वायसर काढून दुसऱ्या बाजूला घातले आणि आऱ्या आवळून चाक पुन्हा मध्यावर आणलं. पुढची मोठी चकती काढली. चेन कापली. तारा ओढून काढल्या. मग मी खटके सोडवायला स्क्रू ड्रायव्हर लावला आणि सरांनी माझं मनगट धरलं. अर्ध्या हाताने, पण धरलं.

"ते राहू दे."

"सर, खटके राहिले तर हात तिकडेच जाणार. पडता त्यामुळेच ना?"

"तार नाही त्याला. कशाला जाईल हात? राहू दे. लोक पुढून बघतात, सुनंदा. मागून कोण बघतं?"

मी काकूंकडे बघितलं. काकू जमिनीवर पडलेले वायसर वेचत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मास्तरांशी वाद घालायचा नाही ही आमची लहानपणची शिस्त आहे, आणि त्या दिवशी ती फार सोयीची पडली.

आमचा रविवारचा सायकलींचा गट आहे. तुषारसारखे एकदोघे सोडले तर पन्नाशीच्या आसपासचे सगळे, शुगर आणि बीपीवाले. पाणी कोणी आणायचं, पंप कोणाकडे, हे मी ठरवते. अल्ताफ मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी घेऊन मागून येतो, कारण हल्लीच्या महाग सायकली आमच्यातल्या कुणालाच दुरुस्त करता येत नाहीत. सर पुन्हा गटात यायला लागले. पूर्वी ते सगळ्यांत पुढे असायचे, मान खाली, रेसरसारखे. आता सगळ्यांत मागे राहायला लागले. तुषार म्हणाला, "सर, तुम्ही मागे कसे?" सर म्हणाले, "वर्गात मास्तरने मागे उभं राहावं. सगळे दिसतात." सगळे हसले. मला तेवढं हसता आलं नाही. अल्ताफ मागून यायला लागला की सर रस्त्याच्या कडेला थांबून पाणी प्यायचे आणि तो पुढे गेला की मग निघायचे.

आणखी एक करायचे ते. चढ लागला, किंवा कोणी शेजारी आलं, की उजवा हात खाली नेऊन खटका ओढल्यासारखं करायचे. सावकाश, दोन बोटांनी. कधी जमायचं, कधी सायकल थोडी डुलायची. मी बघितलं की नजर वळवायचे. आमच्या दोघांच्या नजरेत एकच गोष्ट होती आणि ती दोघांनाही नको होती.

फेब्रुवारीत मुळा धरणाकडे जायचं ठरलं. मी सरांना सांगितलं की भिंतीजवळचा चढ तुम्ही करायचा नाही, खालच्या चहाच्या टपरीवर थांबायचं. ते बरं म्हणाले. रस्त्यावर ट्रॉल्यांमधून पडलेली उसाची कांडकी होती, ती चुकवत चुकवत सगळे टपरीशी पोचलो. तिथे तुषारने नव्या दोन सभासदांना सरांची ओळख करून दिली. गेअर, निकाल, व्हरांडा, सगळं. "सर, एकदा दाखवाच यांना. चढावर गेअर कसा टाकायचा ते."

मी म्हणाले, "तुषार, राहू दे. सरांना दम लागतो."

हे मी बोलायला नको होतं. सरांनी क्लिप नीट केली आणि सायकलवर बसले.

पहिला टप्पा त्यांनी उभं राहून मारला. चांगला मारला. एकच गेअर, तोही चढाला जड, पण त्या माणसाच्या पायात अजून जोर होता. मग वळणावर ते खाली बसले. तुषार शेजारून मोबाईलवर शूटिंग करत चालला होता. तो प्रेमाने ओरडला, "टाका सर! टाका गेअर!"

उजवा हात खाली गेला. खटका सापडला नाही. डावा आडवा गेला. सायकल त्याच्या पाठोपाठ वळली आणि सर खडीवर आडवे झाले.

आम्ही पळालो. ओठ फुटला होता, कोपर सोललं होतं, बाकी ठीक. सायकल उताराकडे चाक करून पडली होती, मागची एकुलती एक चकती आभाळाकडे. अल्ताफ मोटारसायकल टाकून सायकलपाशी वाकला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने चकती बघितली, मग खटके, मग खटक्यांखालची, तार नसलेली दांडी.  मग तो मोठ्याने म्हणाला, "गेअर आडाकला हो! लई जुना माल हाय, असाच आडाकतोय. सर, तुमी बसा, मी बघतो. ए तुषारशेठ, मोबाईल ठेव की खिशात, सावली पडतीय." आणि सायकल आणि आमच्यामध्ये पाठ करून बसला.

ज्याच्या भीतीने आम्ही शेडचं दार लावलं होतं तो माणूस असा बसला होता. मला वाटलं निभावलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

सर खडीवर बसले होते. रुमालाने ओठ दाबून म्हणाले, "अल्ताफ, बाजूला हो."

"आवो सर, दोन मिंटात—"

"बाजूला हो म्हणतो ना."

तो आवाज वर्गातला होता. अल्ताफ उठला.

"गेअर नाहीत तिला," सर म्हणाले. "मी काढलेत. हाताला जमत नाहीत. खटके नुसते आहेत. बघा सगळ्यांनी, जवळ येऊन बघा."

कोणी जवळ गेलं नाही. तुषारने मोबाईल खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला. नव्या सभासदांपैकी एक जण धरणाच्या पाण्याकडे बघायला लागला. कोणीतरी म्हणालं, "सर, तरी तुम्ही ग्रेट आहात." सरांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. गेअर मी काढलेत, माझ्या शेडमध्ये, हे बोलायला माझं तोंड उघडलं होतं. सरांनी डोळ्यांनीच गप्प केलं मला. 'मी काढलेत' हे त्यांना त्यांच्या एकट्याचंच ठेवायचं होतं.

मग ते अल्ताफला म्हणाले, "खटके काढ."

"हितं?"

"इथेच."

अल्ताफने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. काम मिनिटाभराचं होतं. दोन खटके आणि त्यांना दांडीवर आवळणारी कडी त्याने रुमालाने पुसली आणि सरांच्या हातात दिली. सरांनी ती शर्टाच्या खिशात टाकली. ते सायकल धरून उताराने चालत निघाले, कोणाला हात लावू दिला नाही. आम्ही सगळे सायकली धरून मागून चाललो. चालवायला कोणी बसलं नाही. टपरीवाल्याने विचारलं, "एवढी पंक्चर कशी झाली हो?" 

अल्ताफने ही गोष्ट बाजारात सांगितली नाही. मी खात्री करून घेतली, याचीही लाज वाटते. इतरांनीही सांगितली नसावी. पण सर गटात पुन्हा आले नाहीत. मी दोनदा निरोप दिला, तुषार पेढे घेऊन घरी जाऊन आला. सर त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलले, पेढा खाल्ला. खरं बोलून टाकलं की माणूस मोकळा होतो असं आपण म्हणतो. सर झाले नाहीत. समोरून शाळेची पोरं आली की ते सायकलवरून उतरायचे आणि पोरं जाईपर्यंत सीटचं काहीतरी बघत उभे राहायचे. चर्चला आता काकूंबरोबर चालत जायचे, आणि काकू मला म्हणाल्या, "चाळीस वर्सं वाटलं सोबत चालावं. आता चालत्यात तर बघवत न्हाई."

आणि आम्ही? आमच्या रविवारच्या फेऱ्या जरा जलद व्हायला लागल्या. लांबची गावं घेता आली. हे कोणी बोलून दाखवलं नाही, मीही नाही, पण पुढच्या महिन्याचं वेळापत्रक करताना माझ्या लक्षात आलं की मला ते सोपं जातंय.

सरांना सायकलवर मी शेवटचं पाहिलं ते जूनच्या सुरुवातीला. सकाळी मळ्यात जाऊन मी स्कूटीवर कॅनॉलच्या कडेने परत येत होते. पुढे सर होते, सायकलवर, एकटे, पाठमोरे. पांढरा शर्ट, उजव्या पायाला क्लिप. दोन्ही हात हँडलवर. सायकल इतकी सरळ चालली होती की झटक्याआधीही मी त्यांना इतकं सरळ चालवताना पाहिलेलं नाही. पुढे पुलाचा छोटा चढ आला. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. हात हलला नाही. सर उभे राहिले, चार पॅडल मारली आणि पूल ओलांडून उतारावर गेले.

मला हाक मारायची होती. पण मागून कोणी बघत होतं हे त्यांना कळलं असतं. मी स्कूटी बंद केली आणि ते वळणापलीकडे जाईपर्यंत तिथेच थांबले.

जुलैत दुसरा झटका आला, त्यातून ते उठले नाहीत. दफनविधीला सगळा गट होता, अल्ताफ सगळ्यांत मागे. दिवाळीनंतर मार्थाकाकू मुलीकडे नाशिकला गेल्या. जाण्याआधी सायकल माझ्या शेडमध्ये आणून लावली. खटके जिथे आवळलेले होते तिथे दांडीवर दोन बोटं रुंदीचा पट्टा आहे. बाकी सायकल उन्हाने फिकी झाली आहे, तेवढा पट्टा मात्र नवाकोरा, गडद निळा. काकू म्हणाल्या, "हे जायच्या आधी म्हनले हुते, सुनंदाला सांग, तेवढं रंगवून टाक. त्येच्यावरून समजतं म्हने, हितं काय हुतं ते."

फिका निळा रंग मी त्याच आठवड्यात नगरहून आणला. ब्रश आणला, पॉलिश पेपर आणला. डबा शेडमध्ये फळीवर आहे.

राहिलेलं काम: पट्टा रंगवणे.